सिरपूरच्या भिक्षुणी कुठे राहत होत्या?

रायपूरजवळच्या उरल्याला माझ्या वन्सं राहतात. आजूबाजूला लोखंडाचे कारखाने, धूर आणि ट्रकांची वर्दळ. “इथे बघण्यासारखं काय उरलंय?” मी थट्टेने विचारले. “सिरपूरला चल, मग कळेल,” त्या म्हणाल्या.

महानदीकाठचे सिरपूर रायपूरपासून सुमारे ८० किलोमीटर. दक्षिण कोसलाची ही जुनी राजधानी, श्रीपूर. सातव्या शतकातले इथले विटांचे लक्ष्मण मंदिर राणी वासटाने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ बांधविले. तिचा मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन शैव. पण बौद्धांनाही त्याच्या राज्यात आसरा होता. १९५०च्या दशकात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी संशोधकाने इथे उत्खनन केले आणि आनंदप्रभू नावाच्या भिक्षूचा विहार उजेडात आला. मधला चौक, भोवती खोल्या, गाभाऱ्यात भूमिस्पर्श मुद्रेतला भव्य बुद्ध. आनंदप्रभूचे नाव शिलालेखाने राखले.

चौकात टेकल्यावर वन्संनी विचारले, “आणि बायका कुठं राहायच्या गं?”

प्रश्न साधा, पण मला निरुत्तर करणारा. ह्युएन त्संग सातव्या शतकात कोसलात आला, तेव्हा त्याने शंभराच्या आसपास मठ आणि जवळजवळ दहा हजार भिक्षू असल्याचे लिहून ठेवले. भिक्षुणींचा आकडा त्यात नाही. आपल्याकडे कार्ले, कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या भिक्षुणींची नावे कोरलेली आहेत. जुन्नरच्या एका लेखात तर नगरातल्या भिक्षुणींच्या निवासाचाच उल्लेख आहे. ‘नगरातल्या’ या शब्दातच मला उत्तर दिसते. विनयाच्या नियमांप्रमाणे भिक्षुणीला अरण्यात राहण्याची मनाई होती. वर्षावासही जवळपास भिक्षू असतील तिथेच करायचा. म्हणजे कातळातली लेणी बव्हंशी भिक्षूंची आणि भिक्षुणींची घरे वस्तीत, विटामातीची. वस्ती बदलते, पडक्या घराच्या विटा शेजाऱ्याच्या भिंतीत जातात. कातळ मात्र कोण उचलून नेणार?

बांगडीचा तुकडा सापडला, की तिथे भिक्षुणी होत्या असे म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. मुंडण करून चीवर ल्यायलेली बाई बांगड्या कशाला भरील? त्यापेक्षा दाराचा पुरावा बोलका. बिहारमध्ये लखीसरायजवळच्या लाल पहाडीवर २०१७ पासून झालेल्या उत्खननात एक विहार निघाला. त्याच्या खोल्यांना लाकडी दारे होती. तो भिक्षुणींचा असावा, त्यांची प्रमुख विजयश्रीभद्रा नावाची भिक्षुणी असावी, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे.

हे सांगितल्यावर वन्संना चैन पडेना. पदर खोचून त्या एकेका खोलीच्या उंबऱ्याशी वाकू लागल्या, दार फिरण्याची खोबण कुठे दिसते का ते बघायला. मीही दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. राखणदाराने शिटी वाजवली, तेव्हा आमच्या निम्म्या खोल्या राहिल्याच होत्या.