पंधरा मीटरचं वर्तुळ

आगाशी, विरार (प.)
दिवाळीनंतरचा रविवार

चि. बाय हिस,


स्विफ्ट ऑटोक्रॉससाठी तयार करायची तर आधी शॉकअप बदलू की टायर, असं तू विचारलंस. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. तर ऐक. काहीही बदलू नकोस. एक दोनशे पानी वही आण.

रागावू नकोस. माझ्याकडे एस्टीम होती तेव्हाची गोष्ट. नाशिकला स्पर्धेत उतरायचं म्हणून वालीवच्या एका बंद कारखान्याच्या आवारात, मालकाला विचारून, सकाळभर गाडी फिरवत होतो. नेहमीच्या शॉकअपवर तीन फेऱ्या मारल्या, मग मित्राचे उसने आणलेले कडक शॉकअप चढवून तीन. दीड सेकंद कमी! सगळ्यांना वडापाव खिलवला. संध्याकाळी उसने परत द्यायचे म्हणून जुने पुन्हा बसवले आणि जाता जाता एक फेरी मारली. ती दिवसातली सगळ्यात वेगवान निघाली. वरची भुसभुशीत माती एव्हाना चाकांनी झाडून टाकली होती, खालचा कडक मुरूम उघडा पडला होता आणि वळणं माझ्या हाताला बसली होती. दीड सेकंद दिले ते मातीने आणि सवयीने. नव्या शॉकअपचा त्यात काय वाटा होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हापासून माझी रीत एकच: मूळ, बदल, पुन्हा मूळ. दुसऱ्यांदा मूळ मांडणीवर आल्यावर वेळ पहिल्यासारखी आली, तरच मधला फरक खरा. आणि एका वेळी एकच बदल. हवा आणि अलाइनमेंट एकाच दिवशी हलवलीस, तर वही फेकून दिलेली बरी.

पण त्याच्याही आधी स्वतःला मोज. काहीही न बदलता दहा फेऱ्या मार. सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट यांत एका सेकंदाचं अंतर असेल, तर अर्ध्या सेकंदाचा फायदा तुला दिसणार कसा? हे अंतर तीन दशांशांवर येईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. मुलांना हे पटत नाही, त्यांना सामान विकत घ्यायचं असतं.

चाचणीसाठी फार जागा लागत नाही. मधोमध खुंटी ठोकून पंधरा मीटरच्या दोरीने चुन्याचं वर्तुळ आख. परीघ साधारण ९४ मीटर होतो. रेषेला धरून, चाकं घसरायच्या जरा अलीकडे राहून गोल फिर, आणि बाहेर कुणालातरी घड्याळ धरायला सांग. मुरमावर एक फेरा अकरा सेकंदांत झाला, म्हणजे वेग ताशी जेमतेम ३१ किलोमीटर आणि टायरची पकड गुरुत्वाकर्षणाच्या निम्मी. वेग एवढा कमी, तरी गाडीचा स्वभाव इथे उघडा पडतो. स्टिअरिंग आणखी वळवूनही नाक रेषेबाहेर जातंय, की शेपूट बाहेर पडतंय? डावीकडे आणि उजवीकडे वेळ सारखी येते का? येत नसेल तर अलाइनमेंट तरी बिघडलंय किंवा एखादा बुश गेलाय. जुन्या गाडीत निम्मं ट्यूनिंग म्हणजे बुश, बॉल जॉइंट आणि इंजिनाचे माउंटिंग बदलणं, बाकी काही नाही.

स्विफ्टचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढे आहे, म्हणजे ती नाकच बाहेर काढणार. तिथे हवेपासून सुरुवात कर, ती फुकट आहे. दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा आकडा हा तुझा मूळ. मागच्या चाकांत दोन पीएसआय वाढवून बघ, शेपूट थोडं मोकळं होईल. पुन्हा मूळ. मग पुढची चाकं. गेज स्वतःचा घे, पंपावरच्या दोन यंत्रांचे आकडे कधी जुळत नाहीत. आणि पहाटे १८ अंशांत भरलेली हवा दुपारी ३२ अंशांत नुसत्या उन्हाने दोनेक पीएसआय चढते, म्हणून वहीत वेळ आणि ऊनही लिही.

तू पाठवलेले अमेरिकन व्हिडिओ पाहिले. छान आहेत, पण त्यांचं ऑटोक्रॉस पार्किंगच्या डांबरावर शंकू मांडून होतं. त्यांना कडक स्प्रिंग, रुंद चिकट टायर, खाली बसवलेली गाडी चालते. आपल्याकडे बहुतेक वेळा कच्चं मैदान असतं. तिथे चाक मातीला टेकून राहायला हवं, म्हणजे सस्पेंशनला खालीवर व्हायला जागा हवी. गाडी खाली बसवलीस तर पहिल्याच खड्ड्यात इंजिनाची चेंबर फुटेल. त्या पैशांत संप गार्ड घे.

आता जागेचं. राजोडी, कळंबचा किनारा ओहोटीला डांबरासारखा कडक दिसतो, मोह होतो. मी एकदा नेली होती. भरतीतून वाचलो, पण महिन्याभरात मिठाने ब्रेक कॅलिपरच्या पिना जाम झाल्या. शिवाय तिथे लोक पोरांना घेऊन फिरतात. हायवेचं तर नावच काढू नकोस. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तो हाच रस्ता. सरकारच्या परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. कलम ५२ वेगळं. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. तुझी गाडी रोज ऑफिसला जाते, पंधरा वर्षं उलटल्यावर नुकतंच तिचं पुन्हा पासिंग झालंय. म्हणून यंदा ती जशी आहे तशीच उतरव. हवा, अलाइनमेंट, चांगले ब्रेक पॅड आणि रिकामी डिकी, एवढ्यावर बरंच काही होतं. इंजिनाला हात लावायचा विचार पुढच्या वर्षी, आणि तोही वहीने सांगितलं तर.

एफएमएससीआयचं लायसन्स आणि त्यांच्या नियमात बसणारं हेल्मेट आधी घे. महिलांचा वेगळा वर्ग बऱ्याच ठिकाणी असतो, पण तू आपली वेळ सीसीच्या वर्गातल्या पोरांशी ताडून बघ.

पुढच्या रविवारी पहाटे सहाला वालीवला ये. मालकाने दहापर्यंतच जागा दिली आहे. घड्याळ मी धरतो, लिहायचं तू.

तुझा
मामा

ता. क. डिकीत ताईच्या तांदळाची गोणी अजून आहे, ती घरी उतरवून ये.