हाजी अलींच्या गावात सूर्याची वीज

फिनिक्स शहरातून आय-10 या हमरस्त्याने पश्चिमेकडे निघाले की सुमारे 200 किलोमीटरवर क्वार्ट्झसाइट हे गाव लागते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याचे हे पश्चिम टोक. पुढे अर्ध्या तासात कोलोरॅडो नदी आणि नदीपलीकडे कॅलिफोर्निया. गावची कायम वस्ती अडीच हजारांच्या आत. उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे जातो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. जानेवारीत मात्र दिवसा आपल्याकडच्या माघासारखी हवा असते, आणि मग कॅनडापासून मिनेसोटापर्यंतच्या बर्फाळ मुलखातले लोक आपापली घरे घेऊन इथे उतरतात. घरे म्हणजे मोटरहोम. बसएवढ्या गाडीत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी, सगळे काही. मैलोन्‌मैल पांढरी छपरे दिसू लागतात आणि वाटते, वाळवंटात एखादा मोठा उरूसच भरला आहे.

2023 च्या जानेवारीत आम्ही दोघे फिनिक्सला मुलीकडे गेलो होतो. जावयाने एक जुने मोटरहोम घेतले होते आणि क्वार्ट्झसाइटला दहा दिवस राहण्याचा बेत आखला होता. गावालगतच्या 'ला पोसा' या मैदानावर मुक्काम करायचा होता. हे मैदान केंद्र सरकारच्या जमीन व्यवस्थापन खात्याचे आहे. क्षेत्र 11 हजार एकरांहून अधिक. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या हंगामात तेव्हा 180 डॉलर भरून सात महिने राहता येत होते आणि 40 डॉलरमध्ये चौदा दिवस. प्यायचे पाणी, मैला ओतण्याची सोय आणि कचऱ्याच्या पेट्या खाते देते. विजेचा खांब मात्र एकही नाही.

इथेच आमची अडचण होती. माझ्या पत्नीला मधुमेह आहे. वापरात असलेली इन्सुलिनची कुपी थंड हवेत काही दिवस बाहेर टिकते, पण न उघडलेला साठा 2 ते 8 अंशांतच ठेवावा लागतो. म्हणजे फ्रिज दिवसरात्र चालला पाहिजे. जनरेटर होता, पण रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते आणि शेजाऱ्याच्या दाराशी इंजिन घरघरत ठेवणे तसेही बरे नाही. त्यामुळे निघण्याआधी छतावर सौर पॅनेल बसवायचे ठरले.

मी रत्नागिरीला चाळीस वर्षे घरांची वायरिंग केली. जावई कागद-पेन्सिल घेऊन बसला आणि म्हणाला, "अब्बा, पॅनेल किती घ्यायचे ते नंतर बघू. आधी आपला खर्च किती ते सांगा." ही त्याची गोष्ट मला फार पटली. बाजारात दुकानदार आधी पॅनेलची संख्या सांगतो. खरे तर हिशेब उलट्या बाजूने सुरू झाला पाहिजे.

आपण घरच्या विजेचे बिल ज्या युनिटात मोजतो, त्याच युनिटात मांडणी केली. 12 व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या फ्रिजला थंडीच्या दिवसांत चोवीस तासांत सुमारे अर्धा युनिट. रात्री गॅसची शेगडी गाडी गरम ठेवते, पण तिचा पंखा विजेवर फिरतो, त्याला 0.4 युनिट. दिवे, पाण्याचा पंप आणि फोन मिळून 0.2. एकूण रोजचे 1.1 युनिट. एअर कंडिशनर या हिशेबात बसत नाही. तो एवढी वीज तासाभरात गिळतो. म्हणून लोक इथे उन्हाळ्यात नव्हे, हिवाळ्यात येतात.

आता जमेची बाजू. 100 वॉटचे चार पॅनेल छतावर मावत होते. हिवाळ्यात या भागात सपाट ठेवलेल्या पॅनेलला दिवसाला तीन-साडेतीन तासांच्या भर उन्हाएवढा प्रकाश मिळतो. वायर, उष्णता आणि धूळ यांची घट वजा जाता साधारण एक युनिट हाती लागतो. म्हणजे रोज थोडी तूट. यावर उपाय पॅनेल तिरके करण्याचा. क्वार्ट्झसाइटला जानेवारीच्या मध्यावर भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिण क्षितिजावर जेमतेम 35 अंश चढतो. त्याच दिवशी रत्नागिरीत तो 50 अंशांच्या वर असतो. दक्षिणेकडे तोंड करून पॅनेल उभे कलते केले की तेवढ्याच पॅनेलमधून दीड युनिटापर्यंत वीज मिळते. म्हणून उचलता येतील असे पाय घेतले.

छतावरचे काम दोन दिवस चालले. अशा गाड्यांच्या छतावर बहुधा रबराचा पातळ थर असतो, त्याखाली प्लायवूड आणि मध्ये आडव्या पट्ट्या. चार पॅनेल, प्रत्येकाला चार पाय, प्रत्येक पायाला दोन स्क्रू, म्हणजे चांगल्या छताला 32 भोके. वीज कमी पडली तर आणखी एक पॅनेल घेता येते, पण भोकातून पाणी झिरपले तर प्लायवूड आतून कुजते आणि कळते तेव्हा वर्षे लोटलेली असतात. कोकणातल्या माणसाला छपराच्या गळतीविषयी वेगळे सांगायला नको. आडव्या पट्ट्या शोधून स्क्रू त्यांच्यातच घेतले, प्रत्येक पायाखाली ब्यूटाइलची चिकट टेप ठेवली आणि स्क्रूच्या डोक्यांवर आपोआप पसरणारे सीलंट ओतले. तरीही वर्षातून एकदा वर चढून प्रत्येक पाय पाहावा लागतो. वायर आत नेण्यासाठी नवे भोक पाडले नाही. जुन्या गॅसवरच्या फ्रिजचे हवा जाण्याचे झाकण छतावर होते, तिथूनच ती खाली घेतली.

जागा ठरवताना सावली पाहिली. एसीच्या पेटीची किंवा अँटेनाची सावली पॅनेलच्या छोट्या कोपऱ्यावर पडली तरी वीज त्या कोपऱ्यापेक्षा कितीतरी जास्त घटते, कारण आतल्या चकत्या साखळीसारख्या जोडलेल्या असतात. पॅनेलखाली बोटभर फट ठेवली, कारण ते तापले की कमी वीज देते.

जोडणीचाही एक क्रम असतो. आधी बॅटरी चार्ज कंट्रोलरला जोडायची, म्हणजे त्याला आपण किती व्होल्टवर आहोत हे कळते, मग पॅनेल. सोडवताना उलट. पॅनेलला बटण नसते, ऊन पडले की त्यात वीज आलीच. म्हणून काम होईपर्यंत त्यावर जाड पुठ्ठा टाकून ठेवला. बॅटरी लिथियमची, 200 अँपिअर-तासांची घेतली. तिच्यात सुमारे अडीच युनिट मावतात, म्हणजे दोन ढगाळ दिवसांची शिदोरी. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावला. 12 व्होल्टवर प्रवाह फार मोठा असतो. इन्व्हर्टरवर हजार वॉटचे यंत्र लावले तर बॅटरीतून शंभर अँपिअरच्या आसपास वाहतात. घराची बारीक वायर तिथे चालत नाही, आग लागते.

ला पोसावर रोज सकाळी चहाआधी बॅटरीचा आकडा पाहणे हे घराचे पहिले काम झाले. रात्रभर फ्रिज आणि शेगडीचा पंखा चालून तो 100 वरून 70 च्या आसपास येई आणि दुपारपर्यंत पुन्हा भरे. पाचव्या-सहाव्या दिवशी ढग आले, वर वाराही सुटला. वाऱ्यात तिरके पॅनेल उपटू शकतात म्हणून ते आडवे करून ठेवले. आकडा 40 पर्यंत उतरला. त्या रात्री मुलीने शेगडी बंद केली, सगळ्यांना दोन-दोन रजया दिल्या आणि फ्रिज तेवढा चालू ठेवला. शेजारी एक निवृत्त ट्रकचालक आणि त्यांची पत्नी होती. त्यांना कळले तेव्हा ते स्वतःहून आले आणि म्हणाले, औषध आमच्या फ्रिजमध्ये ठेवा, आमची बॅटरी मोठी आहे. तशी वेळ आली नाही, ऊन परत आले. पण अनोळखी मुलखात मिळालेला हा शेजार आम्ही विसरणार नाही.

गावाच्या कब्रस्तानात दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर तांब्याचा उंट. ही हाजी अलींची कबर. मुंबईच्या हाजी अलींशी यांचा संबंध नाही, नाव तेवढे एक. हे तुर्कांच्या अमलाखालच्या सीरियातले, जन्म 1828 च्या सुमाराचा. 1855 मध्ये अमेरिकेच्या संसदेने वाळवंटात सैन्यासाठी उंट आणण्यास 30 हजार डॉलर मंजूर केले आणि 1856 मध्ये पहिले उंट टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांना हाकणाऱ्यांत हाजी अली होते. सैनिकांना नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी 'हाय जॉली' केले. कबरीवरही तेच कोरले आहे. पुढच्या वर्षी एडवर्ड बील यांच्या तुकडीने या उंटांसह कोलोरॅडो नदीपर्यंत रस्त्याची पाहणी केली. उंटांनी ओझी वाहिली, तहान सोसली. पण खेचरे त्यांना बुजत आणि 1861 च्या यादवी युद्धात ही योजनाच मागे पडली. उंट विकले गेले, काही मोकळे सुटले. हाजी अली मात्र इथेच राहिले. मालवाहतूक केली, सोने शोधले, सैन्याचे वाटाडे झाले. 1880 मध्ये नागरिकत्वाच्या कागदावर त्यांचे नाव फिलिप टेड्रो असे लागले. 1902 मध्ये याच गावात त्यांचा इंतकाल झाला आणि 1935 मध्ये राज्याच्या महामार्ग खात्याने हे स्मारक बांधले.

आम्ही तिथे दुवा मागितली. घरापासून इतक्या दूर, नावसुद्धा बदलून गेलेल्या या मुसाफिराला गावाने मात्र आपले मानले आहे. मैदानावरच्या कितीतरी पोरांना त्यांची गोष्ट पाठ होती.

आपल्या राज्यानेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. कोणी अशी गाडी करणार असेल, किंवा खाऊच्या गाडीवर, होडीवर पॅनेल बसवणार असेल, तर आधी आपला रोजचा खर्च युनिटात लिहा, मग छत मोजा आणि दुकानात सर्वांत शेवटी जा. आपल्याकडे सूर्य अधिक उंच चढतो, त्यामुळे पॅनेल फार तिरके करावे लागणार नाहीत. पावसाळ्यासाठी मात्र बॅटरी मोठी ठेवा आणि सीलंटमध्ये कंजुषी करू नका. घरात कोणाचे औषध थंड ठेवायचे असेल तर त्याची ओळ यादीत सर्वांत वर असू द्या.