‘मेडे’ तीनदा, ‘प्लीज’ एकदाही नाही

‘सीरियस अँड/ऑर इमिनंट डेंजर’. यातल्या त्या एका तिरक्या रेघेनं सध्या माझी झोप उडवली आहे. भेटेल त्याला धरून मी ती रेघ दाखवत सुटले आहे. दूधवाला तेवढा अजून वाचलाय.

ही रेघ आहे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे ‘आयकाओ’च्या नियमांत. विमान ‘डिस्ट्रेस’मध्ये आहे असं कधी म्हणायचं, त्याची ही व्याख्या. धोका गंभीर हवा, किंवा येऊन ठेपलेला हवा, किंवा दोन्ही. आणि मदत ताबडतोब लागणारी हवी. आता जहाजांचे नियम काढा. व्याख्या जवळपास तीच, पण शब्द आहेत ‘ग्रेव्ह अँड इमिनंट’. तिथे रेघच नाही! म्हणजे समुद्रावर धोका मोठाही हवा आणि जवळही हवा, आकाशात दोन्हींपैकी एक असला तरी पुरे. मला वाटतं ते बरोबरच आहे. इंजिन बंद पडलेलं जहाज निदान तरंगत राहतं. विमानाला रस्त्याच्या कडेला उभं राहता येत नाही.

मी इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. ‘सीरियस’ म्हणजे गंभीर, ‘इमिनंट’ म्हणजे नजीकचा, लिहून घ्या, पुढचा शब्द. धोक्याला ‘किती मोठा’ आणि ‘किती जवळ’ अशी दोन वेगवेगळी मापं असतात, आणि इंग्रजी ती दोन वेगळ्या शब्दांनी मोजते, हे मला कळलं ते भाच्यामुळे. तो पायलट व्हायच्या तयारीत आहे आणि विमानातल्या रेडिओवर बोलण्याच्या परवान्यासाठी त्याला ‘आरटीआर’ची परीक्षा द्यायची आहे. म्हणून हॉलमध्ये येरझाऱ्या घालत तो मोठमोठ्यानं बोलत असतो: मेडे, मेडे, मेडे, मुंबई अप्रोच, मग विमानाची खूण, मग काय झालंय, मग काय करणार आहे, मग कुठे आणि किती उंचीवर आहे, माणसं किती. एवढं सगळं एका दमात. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, ‘अरे, निदान प्लीज तरी म्हण.’

‘मावशी, प्लीज म्हटलं की ती विनंती होते. ही विनंती नाहीये.’

मी पोळी तव्यावर विसरून बाहेर आले. मग काय आहे रे ही?

त्यानं सांगितलं ते असं. आकाशात आणि समुद्रावर संकटाला पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला एकच ठरलेला शब्द आहे. सगळ्यात वर ‘मेडे’. त्याखाली ‘पॅन-पॅन’: प्रकरण तातडीचं आहे, कुणाच्या तरी सुरक्षिततेचा प्रश्न आहे, पण या क्षणी मदत नाही आली तरी निभेल. जहाजांवर त्याच्याही खाली ‘सेक्युरिते’: पाण्यात कंटेनर तरंगतोय, अमुक बोयाचा दिवा गेलाय, सांभाळून या. प्रत्येक हाक तीनदा द्यायची, म्हणजे खरखरीत निसटणार नाही आणि कुणी गप्पांत सहज हा शब्द उच्चारला असेल अशी शंकाही राहणार नाही. आणि गंमत म्हणजे इंग्रजीच्या या सर्वांत कडक शब्दांपैकी एकही मुळात इंग्रजी नाही, तिन्ही फ्रेंचवरून आलेले. ‘मेडे’ काढला तो लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरच्या फ्रेडरिक मॉकफर्ड या रेडिओ अधिकाऱ्यानं, १९२३ च्या सुमारास. क्रॉयडनची बरीचशी विमानं पॅरिसच्या ल बूर्जेला जात, त्यामुळे दोन्हीकडच्या माणसांना कळेल असा शब्द हवा होता. ‘एसओएस’ तारेच्या कडकट्टात ठीक, पण आवाजाच्या रेडिओवर ‘एस’ नीट ओळखू येत नसे. १९२७ च्या वॉशिंग्टनच्या रेडिओ परिषदेत ‘मेडे’वर आंतरराष्ट्रीय शिक्का बसला.

पण इतिहास राहू द्या. हे शब्द वर्णन करत नाहीत, ते काम करतात! ‘मेडे’ म्हटल्या क्षणी नियंत्रक बाकीची विमानं बाजूला काढायला लागतो, धावपट्टी मोकळी होते, बंब निघतात. जहाजांच्या रेडिओवर तर याहून भारी प्रकार. मेडे चालू असताना कुणी मध्ये बडबडलं तर ‘सीलॉन्स मेडे’ असा हुकूम सुटतो, म्हणजे फ्रेंच ‘सिलांस’ इंग्रजी जिभेला झेपेल असा. संकट सरलं की ‘सीलॉन्स फीनी’. पूर्वी तर जहाजांच्या रेडिओ खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर लाल आणि हिरव्या पाचरी रंगवलेल्या असत, प्रत्येकी तीन मिनिटांच्या. हिरव्या पाचरी तासाच्या ठोक्याला आणि अर्ध्या तासाला, लाल पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला. काटा पाचरीत शिरला की त्या त्या वारंवारतेवर सगळ्यांनी गप्प बसून फक्त ऐकायचं, कुणी क्षीण आवाजात हाक मारत असेल तर ऐकू यावं म्हणून. अशा घड्याळाचा फोटो मी फोनच्या पडद्यावर लावला आहे.

आणि तो शब्द म्हटलाच नाही तर? इथे माझ्या उत्साहाला पहिल्यांदा काटा टोचला.

२५ जानेवारी १९९०. कोलंबियाच्या आविआंका कंपनीचं ५२ क्रमांकाचं उड्डाण, बोइंग ७०७, बोगोटाहून मेदेयीनमार्गे न्यूयॉर्कला निघालेलं. हवा खराब, न्यूयॉर्कवर विमानांची रांग. या विमानाला वाटेत तीनदा घिरट्या घालायला लावल्या, सगळ्या मिळून सव्वा तासाहून जास्त. शेवटच्या घिरट्यांमध्ये सहवैमानिक म्हणाला, मला वाटतं आम्हाला ‘प्रायॉरिटी’ लागेल. किती वेळ थांबू शकता, असं विचारल्यावर तो म्हणाला, पाचेक मिनिटं. आणि पर्यायी विमानतळ? बॉस्टन होता, पण आता तिथवर जाता येणार नाही. वाचताना आपण ओरडतो, अरे, बॉस्टनलासुद्धा जाता येत नाही, म्हणजे टाकीत आहे काय! पण ‘प्रायॉरिटी’ हा शब्द पायरीवरचा नाही. तो चांगला शब्द आहे, विनयशील शब्द आहे, आणि रेडिओवर त्याच्या मागे एकही बंधनकारक कृती नाही.

त्यांना उतरायला घेतलं. वाऱ्याच्या तडाख्यामुळे पहिला प्रयत्न फसला. आता कॅप्टननं सहवैमानिकाला स्पष्ट सांगितलं, त्यांना सांग, आपण इमर्जन्सीत आहोत. सहवैमानिकानं नियंत्रकाला काय सांगितलं? वळण्याची सूचना परत म्हणून दाखवली, पुन्हा प्रयत्न करतो म्हणाला, आणि वाक्याच्या शेपटाला जोडलं, ‘वुई आर रनिंग आउट ऑफ फ्युएल.’ नियंत्रक म्हणाला, ‘ओके.’

हे वाक्य मी वर्गात घातलं असतं तर दहापैकी दहा दिले असते. व्याकरण अचूक, अर्थ अचूक, आणि शब्दशः खरं! पण न्यूयॉर्कच्या त्या रात्री रांगेतल्या प्रत्येक विमानाचं इंधन कमी कमीच होत होतं. कॅप्टननं विचारलं, सांगितलंस? हो, सांगितलं. त्यानंही खोटं सांगितलेलं नाही, हेच तर भयंकर आहे. पुढे नियंत्रकानं विचारलं, तुम्हाला पंधरा मैल ईशान्येला नेऊन परत वळवतो, इंधनाच्या दृष्टीनं चालेल ना? उत्तर आलं, चालेल असं वाटतं, ‘थँक यू व्हेरी मच’.

थोड्याच वेळात चारही इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक गावात टेकडीवर आदळलं. १५८ जणांपैकी ७३ गेले. आग लागली नाही, कारण पेटायला टाकीत काही उरलंच नव्हतं. चौकशीत मुख्य ठपका वैमानिकांवर आला: इंधनाचा हिशेब नीट ठेवला नाही आणि ते संपत आल्याची आणीबाणी नियंत्रकांना कळवली नाही. पण त्याच अहवालात कारणांच्या यादीत आणखी एक ओळ आहे: कमी इंधन आणि आणीबाणीचं इंधन यांसाठी सगळ्यांना सारखे कळतील असे ठरीव शब्दच नव्हते. विमान पडण्याचं कारण म्हणून शब्दांची उणीव! मी ती ओळ भाच्याला मोठ्यानं वाचून दाखवली. त्याला ती आधीच पाठ होती.

ते शब्द आयकाओच्या नियमांत यायला २०१२ उजाडलं. आता ‘मिनिमम फ्युएल’ म्हटलं की अर्थ असा: आम्ही अमुक ठिकाणीच उतरणार, आता आणखी उशीर झाला तर राखीव साठ्याला हात लागेल, ही आणीबाणी नाही, पण लक्ष ठेवा. आणि तो राखीव साठा, म्हणजे जेट विमानाला अर्धा तास उडता येईल एवढं इंधन, उतरेपर्यंत शाबूत राहणार नाही असं दिसलं की ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’. म्हणजे अजून अर्ध्या तासाच्या आसपासचं इंधन हाताशी असतानाच ओरडायचं. ‘इमिनंट’ची इतकी चोख व्याख्या मी कुठल्याही शब्दकोशात पाहिलेली नाही.

आता याच्या उलटं टोक ऐका, कारण इंग्रजांना संकट लहान करून सांगायची जी खोड आहे तिचा मला आता नादच लागला आहे. २४ जून १९८२, ब्रिटिश एअरवेजचं ९ क्रमांकाचं उड्डाण. लंडनहून ऑकलंडला जाणारं हे जंबो वाटेत आपल्या मुंबईलाही थांबलेलं. जावाजवळ ते गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि एकामागून एक चारही इंजिनं बंद. उंची सदतीस हजार फूट, रात्र. कॉकपिटमधून रेडिओवर रीतसर मेडे गेला, चारही इंजिनं बंद पडल्याचं सांगितलं. जकार्ताला वाटलं की चार नंबरचं इंजिन बंद पडलंय! शेवटी जवळच्या गरुडा कंपनीच्या विमानानं मध्ये पडून निरोप पोचवला. आणि त्याच कॉकपिटमधून कॅप्टन एरिक मूडी प्रवाशांना काय म्हणाले? आपल्याला एक छोटीशी अडचण आली आहे, चारही इंजिनं थांबली आहेत, ती सुरू करायची आम्ही शर्थ करतो आहोत, आपल्याला फार त्रास होत नसावा अशी आशा आहे. ‘स्मॉल प्रॉब्लेम’! विमान तेरा हजार फुटांच्या आसपास आलं तेव्हा इंजिनं पुन्हा सुरू झाली, आणि सगळे जिवंत उतरले.

एकाच कॉकपिटमध्ये दोन इंग्रज्या! नियंत्रकाला पूर्ण वजन द्यायचं, कारण त्यानं हलायला हवं. प्रवाशाकडून काढून घ्यायचं, कारण त्यानं जागेवर बसायला हवं. मूडींनी खोटं काही सांगितलं नाही, हे पाहा. चार इंजिनांचा आकडा त्यांनी दिला. फक्त त्याच्यापुढे ‘छोटीशी’ हे विशेषण ठेवलं.

ही खोड चुकीच्या कानावर पडली की मात्र जीव जातात. एप्रिल १९५१, कोरियातली इमजिन नदी. चिनी सैन्यानं ब्रिटिशांच्या ग्लॉस्टरशर बटालियनला टेकडीवर वेढलेलं. ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांनी आपल्या वरच्या अमेरिकी जनरलला कळवलं ते ‘अ बिट स्टिकी’ अशा शब्दांत, असं सांगतात. ब्रिटिश कानाला त्याचा अर्थ सर्वनाश जवळ आलाय. अमेरिकी कानाला अर्थ, जरा कठीण आहे पण चाललंय. ग्लॉस्टर्सना तिथेच तग धरायला सांगितलं गेलं आणि बटालियनमधले बहुतेक जण मारले तरी गेले किंवा कैद झाले. दोघांचीही मातृभाषा इंग्रजी, बरं का!

आपल्याकडे हा काटा उलट्या बाजूला झुकतो. ‘पेशंट सीरियस आहे’ म्हटलं की गावाकडून गाड्या निघतात. अमेरिकी इस्पितळांच्या निवेदनांत मात्र गुड, फेअर, सीरियस, क्रिटिकल अशी उतरंड आहे, आणि आपण ज्याला शेवट समजतो तो ‘सीरियस’ तिथे शेवटून दुसरा. ‘क्रिटिकल बट स्टेबल’ हे बातम्यांतलं लाडकं वाक्य तर तिथल्या इस्पितळांच्या संघटनेलाच नको आहे. प्रकृतीचं वर्णन म्हणून ‘स्टेबल’ वापरू नका असा तिचा सल्ला आहे. आणि ‘अर्जंट’? आपल्याकडे अर्जंट फोटो निघतात, अर्जंट ब्लाउज शिवून मिळतात. त्या शब्दाचं आपण काय केलंय ते पॅन-पॅनवाल्यांना कळू देऊ नका.

अजून एका शब्दावर मी फिदा आहे: ‘अनेबल’. १५ जानेवारी २००९, न्यूयॉर्कवर पक्ष्यांच्या धडकेत दोन्ही इंजिनं गेलेलं विमान, कॅप्टन सलनबर्गर. नियंत्रक धावपट्टी देऊ करतो. उत्तर येतं, ‘वुई आर अनेबल’, आम्ही बहुधा हडसन नदीत उतरू. ना ‘सॉरी’, ना ‘बट’, ना कारणमीमांसा. नकार देताना आपण किती शब्द खर्च करतो, ते माझ्या वहीच्या समासात लिहून ठेवलं आहे.

काल भाच्यानं आणखी एक सोडून दिलंन. म्हणे, यंत्रांच्या बोलण्यालाही पायऱ्या असतात. आकाशात दोन विमानं एकमेकांच्या फार जवळ आली की ‘टीकॅस’ नावाची यंत्रणा आधी नुसतं ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ म्हणते. म्हणजे बघ, पण एवढ्यावरून हलू नकोस. मग ‘क्लाइंब, क्लाइंब’ म्हणते, तेव्हा प्रश्न विचारायचे नाहीत, नियंत्रक उलट सांगत असला तरी यंत्राचंच ऐकायचं. जर्मनीतल्या युबरलिंगेनवर १ जुलै २००२ ला एका वैमानिकानं यंत्राचं ऐकलं, दुसऱ्यानं नियंत्रकाचं, आणि दोघंही खाली आले. ७१ माणसं गेली.

‘मावशी, त्या अपघाताचा चौकशी अहवाल शंभराच्या वर पानांचा आहे हां,’ तो म्हणाला.

‘पाठव,’ मी म्हटलं. ‘अर्जंट.’