खर्जाकडची जागा

एकाच पियानोवर दोघांनी शेजारी बसून चार हातांनी वाजवायचं, तर डावीकडे बसणाऱ्याचं कौतुक कुणी फारसं करत नाही. सुरावट बहुतेक वेळा उजवीकडच्याच्या हाती. डावीकडचा खर्ज सांभाळतो, लय धरतो. पायाखालचं पेडल मात्र सहसा त्याच्याकडे असतं. शेजाऱ्याचा सूर किती लांबवायचा ते हा ठरवतो. मला कायम हीच जागा मिळाली, आणि खरं सांगायचं तर मी ती कधी सोडलीही नाही.

नगरच्या आमच्या घरात पियानो नव्हता, आत्याची पायपेटी होती. आत्याचे गुडघे धरलेले, म्हणून खाली जमिनीवर बसून पेटीच्या पायट्या हातांनी दाबायचं काम माझं. भात्याच्या कातड्याला जुनाट वास यायचा आणि खालून ऐकताना खर्ज आधी छातीत घुमायचा, वरची चाल मागून यायची. "अगं, वारा तोडू नकोस!" आत्या ओरडायची. अमेरिकन मराठी मिशन नगरात आलं १८३१ साली. त्यांच्या विलायती चाली आणि ना. वा. टिळकांची देशी वळणाची भजनं, दोन्ही आमच्या उपासनेत गुण्यागोविंदाने नांदत. विलायती चालीला वारा एकसारखा लागे. भजनाची लय शेवटी चढली की माझे दंड भरून येत. सूर आत्याचे, दम माझा.

पुढे पुण्यात पियानो शिकताना बाईंनी माझ्यापुढे विल्यम वॉल्टनची मुलांसाठीची १९४० सालची युगुलवादनं ठेवली आणि न विचारता मला डावीकडे बसवलं. तिथे कळलं की खरी गंमत मधल्या पट्ट्यांवर आहे. उजवीकडच्याची डावी करंगळी आणि माझी उजवी करंगळी एकाच पट्टीवर येतात. त्याने बोट वेळेत उचललं नाही, तर माझा सूर उमटतच नाही. कोपरांना कोपरं लागतात. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याबरोबर असं वाजवून पाहावं. चार ओळींत एकतर समेट होतो, नाहीतर भांडण.

मग पीटर वॉरलॉकची 'कॅप्रिऑल' आली. सोळाव्या शतकातल्या फ्रेंच नृत्यांच्या चालींवर त्याने १९२६ साली रचलेली ही सहा छोटी नृत्यं तंतुवाद्यांसाठीही आहेत आणि चार हातांसाठीही. मला चार हातांचीच आवडतात. तंतुवाद्यांवर ती ऐकायची असतात, इथे स्वतः नाचायची असतात. कॉन्स्टंट लँबर्टने तर १९४९ साली चार हातांसाठी तीन तुकडे निव्वळ पांढऱ्या पट्ट्यांवर रचले. 'काळी पाच'शिवाय पान न हलणाऱ्या आमच्या आत्याने त्याला दारात उभं केलं नसतं!

या विसाव्या शतकातल्या इंग्रज मंडळींनी चार हातांसाठी फार थोर असं काही लिहिलं, असं मी म्हणणार नाही. शूबर्टने १८२८ साली लिहिलेल्या फँटसीच्या उंचीचं त्यांच्याकडे मला तरी काही सापडलेलं नाही. पण त्याला कारण आहे. रेडिओ-ग्रामोफोन घरोघर येण्यापूर्वी मोठमोठ्या सिंफन्या लोक घरी चार हातांनी वाजवूनच ऐकत. ती गरज संपली आणि मागे खेळ उरला. लेनॉक्स बर्कलीची १९५४ सालची सोनाटिना वाजवताना मला तो खेळ जाणवतो: हलका, मिश्किल, घरातल्या घरात रंगणारा.

गुस्ताव होल्स्टची गोष्ट वेगळी. ऋग्वेदातल्या सूक्तांसाठी संस्कृत शिकलेला, सावित्रीवर ऑपेरा लिहिलेला हा माणूस. उजव्या हाताच्या दुखण्यामुळे त्याला लिहिणं जड जाई. 'द प्लॅनेट्स'चा बहुतेक भाग आधी दोन पियानोंसाठी उतरला. तो कागदावर आणायला होल्स्टच्या शाळेतल्या सहकारी व्हॅली लास्कर आणि नोरा डे यांनी हात दिले. १९१८ साली ती रचना लंडनमध्ये प्रथम वाजली. होल्स्टचं नाव जगाला ठाऊक आहे, त्या दोघींचं किती जणांना? मी मात्र 'प्लॅनेट्स' ऐकताना त्यांचेच हात शोधते.

निवृत्तीनंतर नगरला परतताना जुना पियानो बरोबर आणला. इथली हवा त्याला मानवत नाही. एप्रिल-मेमध्ये लाकूड सुकतं, खुंट्या ढिल्या पडतात, तारा उतरतात. खाली पाण्याचं पातेलं ठेवावं लागतं आणि सूर लावणाऱ्याला पुण्याहून बोलवावं लागतं. आता भाचीची मुलगी शेजारी बसते, अर्थात उजवीकडे. पेडलवरून आमचं नेहमी वाजतं. "आजी, सूर माझे, मग पाय तुझा का?" परवा म्हटलं, घे. पानभर सगळ्या सुरांची खिचडी झाली, तरी तिने पाय उचलला नाही. शेवटी मीच तिच्या पायावर पाय ठेवून उचलायचा कधी ते दाखवलं. आता तिला डावीकडची जागा हवी आहे. ती देण्याचा माझा तूर्त विचार नाही.