कापलेले कोपरे

वडिलांच्या हातातील कात्री हा आमच्या घराचा आधार होता. तालुक्याच्या गावी त्यांचे छोटेसे दुकान होते आणि मुंबईतील एका व्यापाऱ्याकडून शालेय गणवेशाचे सदरे शिवण्याचे काम त्यांना मिळत असे. मी बारावीपर्यंत शिकलेली. त्यामुळे इंग्रजी पत्रे वाचणे आणि त्यांना उत्तरे लिहिणे ही जबाबदारी माझ्याकडे आली. काज-बटणांचे कामही मीच करीत असे.

एके दिवशी व्यापाऱ्याचे पत्र आले. मजकूर मोजून दोन ओळींचा होता. ‘या खेपेत तुम्ही कोपरे कापले आहेत, खुलासा करा,’ असा त्याचा अर्थ मी सांगितला. अण्णा चकित झाले. म्हणाले, “अगं, कोपरा कापल्याशिवाय कॉलरचं टोक उठेल कसं?”

शिंपीकामाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अचूक होते. कॉलर उलट बाजूने शिवल्यावर टोकाशी शिलाईबाहेर उरलेले कापड तिरपे कापावे लागते. ते तसेच ठेवले तर कॉलर सुलटी केल्यावर टोक जाड आणि बोथट होते. अण्णांनी सांगितले आणि मी इंग्रजीत लिहिले : ‘होय, आम्ही प्रत्येक सदऱ्याचे कोपरे कापतो आणि यापुढेही कापू.’

त्या पत्राला उत्तर आले नाही. कामही आले नाही. दिवाळीपूर्वी दुकानातील दुसरे शिलाई यंत्र विकावे लागले.

पुढे लग्न झाले, मुले मोठी झाली आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. इंग्रजीच्या अभ्यासात एका पानावर ‘कट कॉर्नर्स’ हा वाक्प्रचार भेटला. अर्थ दिला होता : वेळ, श्रम किंवा पैसा वाचविण्यासाठी कामात कसूर करणे. मी ते पान कितीतरी वेळ उलटू शकले नाही. हा कोपरा कापडाचा नव्हताच. तो वाटेचा होता. वळणाला पूर्ण वळसा न घालता आडवे जाण्याचे ते चित्र होते.

त्यानंतर मी ‘कापण्या’चे वाक्प्रचार वेचू लागले. ‘कट अँड रन’ म्हणजे पळ काढणे. नांगर वर ओढण्याइतकीही उसंत नसली की खलाशी त्याचा दोरखंड तोडून जहाज हाकारीत, ही त्यामागची आठवण. ‘कट टू द चेस’ म्हणजे थेट मुद्द्यावर येणे. त्याचे मूळ हॉलिवूडच्या चित्रपटांत, मधले प्रसंग कापून पाठलागाच्या दृश्याकडे वळण्यात आहे. कापड पाहून कोट बेतावा, ही म्हण जॉन हेवुडच्या १५४६ मधील म्हणींच्या संग्रहात आढळते. ती मात्र अण्णांना शब्दशः कळली असती. आपण त्याच अर्थाने अंथरूण पाहून पाय पसरावे असे म्हणतो. तेथे शिंप्याचा संबंध उरत नाही. आणि आपला ‘केसाने गळा कापणे’ हा वाक्प्रचार कोणी शब्दशः इंग्रजीत नेला, तर तेथील वाचकाला त्यातला विश्वासघात कसा उमगावा? वाक्प्रचारातील प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही अर्थ अनोळखी राहू शकतो, हे मी पुस्तकातून शिकण्यापूर्वीच भोगले होते.

परंतु मला खरा सल निराळाच होता. ती खेप पाठविण्याच्या आधी मला मैत्रिणीच्या लग्नाला जाण्याची घाई होती. प्रत्येक बटणाला चारऐवजी मी दोनच टाके घातले होते. बटणाखाली दोऱ्याचा वेढाही दिला नव्हता. व्यापाऱ्याने नेमके हेच पाहिले असावे. कसूर माझी होती, पत्राचा चुकीचा अर्थही माझाच होता आणि खाली सही तेवढी अण्णांची होती.

सुटीत माहेरी गेले तेव्हा मी त्यांना सारे सांगितले. अण्णा कापडावर खडूने खुणा करीत होते. त्यांचा हात थांबला.

“म्हणजे त्या माणसाचं खरं होतं,” ते म्हणाले. “आणि मी इतकी वर्षं त्याला शिंपीकाम कळत नाही म्हणून हसत आलो.”

मग त्यांनी माझ्यापुढे एक सदरा, सुई आणि बटणांची डबी सरकविली. मी चार टाके घातले, दोऱ्याचा वेढा दिला आणि गाठ मारली. अण्णांनी बटण ओढून पाहिले आणि दुसरे हातात दिले.