मागून बसलेली गाडी

उर्दू शाळेत मराठी शिकवताना मला एक सोय असते. मुलांना परके वाटणारे कितीतरी मराठी शब्द त्यांच्या स्वतःच्या घरातच निघतात. 'कमान' हा त्यातला एक. फारसीत कमान म्हणजे धनुष्य. उर्दूत ती त्याच अर्थाने आली. मराठीत मात्र ती वाड्याच्या आणि किल्ल्याच्या दरवाजावर जाऊन बसली. आणि मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगावात शिरताना ती आणखी एका ठिकाणी दिसते. गाड्यांची कामं करणाऱ्या दुकानांवर 'कमान पाटे' असं रंगवलेलं असतं. ट्रक, ट्रॉली, पिकअप यांच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची जी चवड असते, ती ही कमान. धनुष्य, दरवाजा आणि गाडी, तिघांचं काम बाकावर चालतं. बाक गेला की कमान राहत नाही, नुसती पट्टी राहते.

हे सगळं मला सुचलं ते माझ्या धाकट्या भावाच्या पिकअपमुळे. उन्हाळ कांद्याच्या हंगामात तो आसपासच्या खेड्यांतून खुला कांदा भरून लासलगावला नेतो. हंगाम नसला की कापडाच्या गाठी, सिमेंट, लग्नाचा मंडप, जे मिळेल ते. गाडी हप्त्यावर घेतलेली आहे. आरसी बुकावरचं एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन यांची वजाबाकी केली तर माल बसतो १५ क्विंटल. प्रत्यक्षात कांद्याच्या दिवसांत ती २२-२३ क्विंटल घेऊन निघायची. बाजार समितीच्या भुईकाट्यावर वजन होतं, पावती मिळते, त्यामुळे आकडा कुणापासून लपलेला नसतो. शेतकऱ्याला माहीत असतो, ड्रायव्हरला माहीत असतो, काट्यावरच्या माणसालाही माहीत असतो. फक्त त्याबद्दल कुणी बोलत नाही.

बोलली ती गाडी. दुसऱ्या हंगामात ती रिकामी असतानाही मागून बसलेली दिसू लागली. मडगार्ड आणि टायर यांच्यात आधी वीतभर फट होती, तिथे जेमतेम चार बोटं उरली. खड्ड्यात गेली की मागून धप्प असा आवाज यायचा. रात्री समोरून येणारे ड्रायव्हर वैतागून डिपर मारायचे, कारण मागचा भाग खाली गेला की हेडलाइट वर बघू लागतात. आणि एकदा भरली गाडी घेऊन राहूड घाट चढताना भावाला स्टेअरिंग एकदम हलकं लागलं. त्या रात्री घरी आल्यावर तो जेवायला बसला, पण नेहमीसारखा बोलला नाही.

त्याने त्यावर जो उपाय ठरवला तो सगळेच करतात. दोन पाटे वाढवायचे. मी सुट्टीचा म्हणून सोबत गेलो.

कमान पाट्याचे उस्ताद सत्तरीकडे झुकलेले आहेत. त्यांनी आधी गाडी सपाट जागेवर घ्यायला लावली, पूर्ण रिकामी करायला लावली, अगदी ताडपत्री आणि स्टेपनीसकट. मग टेप घेऊन चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं माप घेतलं. ड्रायव्हरच्या बाजूने गाडी दोन बोटं जास्त खाली होती. ते म्हणाले, दोन्ही बाजू सारख्या बसल्या असत्या तर पाटे थकलेत म्हटलं असतं. एकच बाजू जास्त बसलीय म्हणजे तिकडे काहीतरी तुटलंय. तारेच्या ब्रशने चिखल काढल्यावर तिसऱ्या पाट्यावर गंजाची बारीक रेष दिसली. पाटा तिथे चिरलेला होता. सेंटर बोल्ट झिजला होता, बुश खाऊन गेले होते आणि चेसीखालचा रबर, ज्यावर शेवटी हाउसिंग आदळतं, तो फुटून अर्धा उरला होता. धप्प आवाज तिथला.

हे काम बघताना मला पहिल्यांदा पाट्यांची रचना कळली. सगळ्यात वरचा मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे. पुढचा डोळा चेसीला पक्का, मागचा शॅकलमध्ये लोंबता. असं का? कारण ओझं पडलं की बाक कमी होतो, आणि बाक कमी झाला की पाट्याची लांबी वाढते. त्या वाढलेल्या लांबीला हलायला जागा हवी, म्हणून शॅकल. खाली एकाहून एक आखूड पाटे, कारण सगळ्यात जास्त ताण मधोमध, हाउसिंगवर येतो. तळाशी एक-दोन जाड आणि जवळजवळ सपाट पाटे असतात. ते रिकाम्या गाडीत नुसते बसून असतात, माल भरला की हाताला हात लावतात. म्हणूनच त्यांना हेल्पर म्हणतात.

पोलाद वाकतं आणि परत येतं, पण त्यालाही हद्द आहे. हद्दीच्या आत लाखो वेळा वाकवा, ते परत येईल. हद्दीबाहेर गेलं की थोडं वाकलेलंच राहतं. जास्तीचा माल आणि त्यात खड्डा, दोन्ही एकाच क्षणी आले की ही हद्द ओलांडली जाते. दर वेळी केसभर, पण परत न येणारं. जुने तिरंदाज काम नसताना धनुष्याची दोरी उतरवून ठेवायचे, ते ह्याच भीतीने. सतत ताणलेलं लाकूड जोर हरवतं.

भाव ठरवण्याआधी उस्तादांनी तीन गोष्टी समोर ठेवल्या. पहिली, जुने पाटे ठोकून पुन्हा गोलाई द्यायची. स्वस्त काम. पण थकलेला पाटा थंडच ठोकला तर तो काही दिवसांत पुन्हा बसतो, आणि भट्टीत लाल करून ठोकला व नंतर नीट पाणी दिलं नाही तर मऊ पडतो किंवा कडक होऊन तुटतो. दुसरी, कंपनीच्या मापाचे, तेवढ्याच संख्येचे नवे पाटे, दोन्ही बाजूंना जोडीने. एकाच बाजूचे बदलले तर गाडी कायम तिरकी उभी राहते. सोबत बुश, सेंटर बोल्ट, रबर आणि यू-बोल्ट सगळे नवे. यू-बोल्ट एकदा ताणून आवळला की त्याचा जीव तेवढाच, तो पुन्हा वापरायचा नसतो. आणि नव्या पाट्यांवर गाडी पाचशे-हजार किलोमीटर चालली की यायचं, यू-बोल्ट परत आवळून घ्यायचे. तिसरी, भावाला हवी होती ती. पाटे वाढवायचे.

तिसऱ्या गोष्टीवर त्यांनी नकार दिला. दुकानदाराने नकार द्यावा याचं भावाला आश्चर्य वाटलं. उस्ताद एवढंच म्हणाले, "बेटा, गाडी उठेगी. वजन नहीं उठेगा."

मग त्यांनी गाडीखाली वाकून एक बारीक दांडी दाखवली. बऱ्याच पिकअपना ती असते आणि ती कशासाठी आहे हे फार थोड्या ड्रायव्हरांना माहीत असतं. चेसीवर एक व्हॉल्व्ह असतो आणि ही दांडी त्याला मागच्या हाउसिंगशी जोडते. माल भरला, गाडी खाली बसली की दांडी हलते. व्हॉल्व्ह समजतो की मागे वजन आलंय, आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर पाठवतो. गाडी रिकामी असली की तो जोर कमी ठेवतो, नाहीतर मागची हलकी चाकं जाम होऊन गाडी रस्त्यात फिरेल. म्हणजे गाडी किती खाली बसली यावरून ब्रेकला मालाचा अंदाज येतो. आता दोन पाटे वाढवा. पाठीवर २३ क्विंटल आहेत, पण गाडी ताठ उभी. व्हॉल्व्हला वाटतं माल थोडाच आहे. तो मागच्या ब्रेकचा जोर रोखून धरतो. घाटात, उतारावर, भरल्या गाडीत.

मी शिक्षक आहे, मेकॅनिक नाही. पण हे ऐकल्यावर मला पाटे वाढवण्यातला दोष स्वच्छ दिसला. पाटा वाढवल्याने ओझं कुठेच जात नाही. ते हाउसिंगवर, बेअरिंगवर, टायरवर, चेसीच्या जोडांवर आणि ब्रेकवर तेवढंच राहतं. जाते ती फक्त खूण, ज्यावरून ओझं कळत होतं. वर्गात मी हे रोज बघतो. जड दप्तराने मूल पुढे वाकून चालतं. २०२० च्या दप्तर धोरणात ओझं मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं म्हटलं आहे. पालक मात्र रुंद आणि मऊ पट्ट्यांचं महाग दप्तर आणतात. पट्ट्यांनी खांदा कमी दुखतो, पाठीवरचं वजन तेच असतं.

माल कुठे ठेवला हाही हिशेब आहे, तो मी भावाला कागदावर मांडून दाखवला. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे. मागच्या चाकांच्याही मागे १ मीटरवर ३०० किलो ठेवले. मागच्या चाकांवर किती वजन येईल? ३०० नाही, ४०० किलो. कारण ती मागची बाजू तरफेसारखी पुढचा भाग उचलते आणि पुढच्या चाकांवरचे १०० किलो काढून मागे टाकते. घाटात स्टेअरिंग हलकं का लागलं, याचं उत्तर इथे आहे. फाळका मागे वाढवून, त्यावर कांदा रचून गाडी न्यायची पद्धत आहे. त्याऐवजी माल केबिनकडे सरकवला तर तेवढ्याच वजनात गाडी कमी बसते. हा उपाय फुकट आहे.

पण भावाचं म्हणणं वेगळं होतं, आणि तेही खोटं नव्हतं. दुकानातून बाहेर येऊन तो म्हणाला, "भाईजान, तुमचा पगार एक तारखेला येतो. शेतकरी म्हणतो, अजून पाच क्विंटल घे, नाहीतर दुसरी गाडी बोलावतो. भाडं क्विंटलवर मिळतं, हप्ता महिन्यावर जातो. १५ क्विंटल नेले तर डिझेल सुटेल, हप्ता कोण भरेल?"

मी त्याला कायदा सांगू शकत होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा मालाला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायचा. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याला कायद्याची माहिती नको होती. त्याला हप्त्याचं उत्तर हवं होतं.

म्हणून आम्ही घरी वही काढली. मागच्या हंगामातला खर्च एका बाजूला लिहिला: मागचे दोन टायर वेळेआधी गेले, बेअरिंग एकदा, यू-बोल्ट दोनदा तुटले, तुटल्यामुळे दोन दिवस गाडी उभी, आणि आता हे पाट्यांचं काम. दुसऱ्या बाजूला जास्तीच्या क्विंटलांचं भाडं. बेरीज झाली तेव्हा जास्तीचं भाडं उरलं, पण भावाला वाटत होतं त्याच्या निम्मंही नाही. उरलेला फरक मात्र खरा होता. तो हिशेबाने मिटणारा नव्हता. त्या हंगामाचे दोन हप्ते मी भरायचे ठरले. अम्मीने ऐकलं आणि न बोलता माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

मला वाटतं इथे आपलं नेहमी अडतं. 'एवढं ओझं घेऊ नकोस' हे सांगणं सोपं असतं. ज्याच्या पाठीवर ते आहे त्याला ते ठाऊकच असतं. ओझं कमी कर म्हणणाऱ्याने त्यातलं काही आपल्याकडे घेतलं, तरच त्या वाक्याला वजन येतं. कांदा विकणाऱ्यालाही भाव पडलेला असतो, त्यालाही दोन फेऱ्यांचं भाडं परवडत नाही. तो गाडीवर पाच क्विंटल जास्त टाकतो तेव्हा त्याच्यावरचं ओझं ड्रायव्हरवर सरकवत असतो, आणि ड्रायव्हर ते पाट्यांवर. पाट्यांना पुढे सरकवायला कुणी नसतं.

गाडीला तेवढ्याच संख्येचे नवे पाटे बसले. भाऊ आता १७ क्विंटलपर्यंत थांबतो. १५ वर अजून आलेला नाही, हे मी लपवत नाही. दोन शेतकऱ्यांनी त्याला सोडलं. एकजण राहिला, त्याचा कांदा आता दोन गाड्यांतून जातो आणि वाटेत कमी चेपतो असं तोच सांगतो.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी या आठवड्यात एक काम करावं. गाडी रिकामी असताना सपाट जागी उभी करा, चाकाच्या मधापासून मडगार्डपर्यंत चारही माप घ्या आणि तारखेसह आरसी बुकाच्या कव्हरवर लिहून ठेवा. दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. टेप नसेल तर शिवणाच्या डब्यात सापडेल. भावाच्या गाडीत चार आकड्यांच्या तीन ओळी झाल्या आहेत. तिसरी ओळ पहिल्यापेक्षा ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या बोटाने कमी आहे. रविवारी तो उस्तादांकडे जाणार आहे, यू-बोल्ट आवळून घ्यायला.