मागणाऱ्याचे पाय

"धावणार तुम्ही, मग पैसे आम्ही का द्यायचे?" हा प्रश्न आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील एका निवृत्त गृहस्थांनी, दाराच्या कडीला अडकविलेली दुधाची पिशवी काढून घेता घेता, मनात कसलाही डंख न ठेवता मला विचारला, आणि पहाटेच्या सरावाहून परतताना अंगात भिनलेली सुखद ऊब एकाएकी कुठल्या कुठे गेली. माझे उत्तर तयार होते, किंबहुना छापील होते: जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत होणाऱ्या मॅरेथॉन शर्यतीत मी कर्करोगाच्या रुग्णांना साहाय्य करणाऱ्या एका संस्थेसाठी धावणार आहे, जमलेली रक्कम परस्पर संस्थेच्या खात्यात जाते, पावती रीतसर मिळते. ते सर्व मी निवेदन केले. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले, "ऐंशी-जीची करसवलत मिळेल ना? बघतो," असे म्हणून दार लोटले, आणि मी जिन्यात उभा राहून, त्यांच्यावर रागावण्याऐवजी, अर्धशतकापूर्वीच्या एका वेताच्या खुर्चीचा विचार करू लागलो.

त्या खुर्चीत माझे वडील बसले होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. कलेक्टर कचेरीत दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे लिहिण्यात ज्यांची हयात गेली, पण स्वतःसाठी एक अर्ज लिहिण्याची पाळी आली तर ज्यांच्या टाकाची शाई वाळावी, अशा माणसांपैकी ते एक. राजापुराहून माझ्या आत्याला परळच्या टाटा रुग्णालयात आणले होते. तिच्या गळ्यातील गाठ कसली आहे हे मोठ्या माणसांना डॉक्टरांकडून कळले होते, आणि आम्हा मुलांना ते मोठ्यांच्या अचानक खाली येणाऱ्या आवाजांवरून कळले होते. तेव्हा एका संध्याकाळी अण्णा मला बरोबर घेऊन दादरच्या हिंदू कॉलनीत, एका सधन नातलगांकडे गेले. चहा आला, चिवडा आला. पावसाची, राजापूरच्या गंगेची, कचेरीतील बदल्यांची बोलणी झाली. आत्याच्या प्रकृतीची विचारपूसही यथोचित झाली, आणि तेथे एक विराम पडला. त्या विरामात बरोबर मावेल असे एक वाक्य अण्णा घरून पाठ करून आले होते हे मला ठाऊक होते, कारण बसमध्ये त्यांचे ओठ हलताना मी पाहिले होते. ते वाक्य आले नाही. अण्णांनी बशी खाली ठेवली, "बराय, निघतो," म्हणाले, आणि आम्ही निघालो.

साठी उलटल्यावर धावू लागलेल्या माणसाने आपल्या गुडघ्यांचे पुराण सांगू नये, हा संकेत मला मान्य आहे. एवढेच सांगतो, की बेचाळीस किलोमीटर आणि एकशे पंचाण्णव मीटर या अंतराची तयारी म्हणजे बव्हंशी सावकाश धावण्याची तयारी असते. स्नायूंत आणि यकृतात साठविलेली शर्करा साधारणतः तिसाव्या किलोमीटरच्या पुढे संपुष्टात येऊ लागते. धावणारे त्या अवस्थेला 'वॉल' म्हणतात, आणि मुंबईच्या शर्यतीत ती भिंत ओलांडू पाहणाऱ्याच्या स्वागतास परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ उभा असतो. हे सारे साधते. शरीर आज्ञाधारक आहे. त्याला दर आठवड्यास थोडे अधिक काम दिले की ते कुरकुरत का होईना, पण हुकमाची तामिली करते. साधत नव्हते ते दुसरेच. मरीन ड्राइव्हवर अंधारात दोन तास धावणे मला पुढे पुढे सुलभ वाटू लागले, आणि परिचितांच्या दारावरची घंटा वाजवून वर्गणी मागणे हे मात्र प्रत्येक वेळी पहिल्याइतकेच कठीण राहिले. वंशपरंपरेने आलेले वतन सहजी सुटत नाही, म्हणतात ते खोटे नव्हे.

आणि तरीही मी मागतो आहे, लोक देत आहेत. ज्यांच्याकडून अपेक्षा होती त्यांनी 'बघतो' म्हटले, आणि ज्यांच्यापाशी मागण्याचे माझ्या मनातही आले नव्हते, त्या वर्तमानपत्रे टाकणाऱ्याने एके सकाळी घडी घातलेली शंभराची नोट हातावर ठेवून, "पावती आईच्या नावानं करा," असे सांगितले. पुढे मला ध्यानात आले, की पावतीवर स्वतःचे नाव न घालणारे असे पुष्कळ आहेत. कोणी दिवंगत पत्नीचे नाव सांगतो, कोणी भावाचे. माझी यादी ही देणाऱ्यांची यादी आहे अशी माझी समजूत होती. ती पाहता पाहता गेलेल्यांची गणती होऊन बसली.

येथे एक हकीकत मध्येच सांगावीशी वाटते. तिचा माझ्या विषयाशी संबंध किती, हे वाचकांनी ठरवावे. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते, आणि पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी सामन्यांस अध्यक्ष या नात्याने सर दोराबजी टाटा उपस्थित होते. कुणब्यांची पोरे अनवाणी, शिक्षणावाचून, आपापल्या अकलेने धावत होती, आणि त्यांचे वेग पाहून या साहेबांच्या मनाने घेतले, की हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला गेला पाहिजे. खटपट करून, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची सहानुभूती मिळवून आणि पदरचे द्रव्य घालून त्यांनी १९२० साली एक लहानसा संघ बेल्जममधील अँटवर्पला धाडला. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंदांत एकोणिसावे आले. अंतर आजच्याहून अधिक होते, पावणेत्रेचाळीस किलोमीटर. विंडसरचा राजवाडा आणि लंडनच्या क्रीडांगणातील राजघराण्याची बैठक यांच्या सोयीने १९०८ साली पडलेले माप तोवर कायम व्हायचे होते. एकोणिसाव्या आलेल्या माणसाची स्मारके होत नाहीत. परंतु आपल्याकडचा एक मनुष्य शंभर वर्षांपूर्वी, परक्या देशात, ज्या वेगाने धावला, त्या वेगाची कल्पना करूनच मला धाप लागते.

त्याच दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या आणि पुढच्याच वर्षी ते स्वतः गेले. मेहेरबाईंसाठी घेतलेला ज्युबिली नावाचा हिरा, वजनाने दोनशे पंचेचाळीस कॅरट, म्हणजे कोहिनूरच्या दुपटीहूनही मोठा, त्यांच्या पश्चात विकला गेला. पैसा त्यांच्या विश्वस्तनिधीत पडला, आणि त्या निधीतून परळला जे रुग्णालय उभे राहिले ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. पुढे ते सरकारकडे आले आणि १९६२पासून अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आहे. मॅरेथॉन आणि कर्करोग या दोन असंबद्ध गोष्टी एकाच माणसाच्या चरित्रात अशा शेजारी शेजारी यायला नकोत, असे मला वाटते. त्या आल्या आहेत, आणि त्यांचे काय करावे हे मला समजलेले नाही.

हिंदू कॉलनीतून निघालेले अण्णा बसच्या थांब्याकडे वळलेच नाहीत. ते चालू लागले, हिंदमात्याच्या दिशेने, परळकडे. आणि ते असे चालत होते की त्यांच्याबरोबर राहण्यासाठी मला पळावे लागत होते. एरवी रस्ता ओलांडताना माझे मनगट धरणारा तो सावध मनुष्य त्या दिवशी एकदाही मागे वळून पाहीना. माझ्या धावण्याचा आरंभ कोणी विचारलाच, तर तो तेथे झाला. पायांत रबरी चपला होत्या, पोटात पाहुणचाराचा चिवडा होता, आणि पुढे एक पाठ होती.

त्या नातलगांविषयीची अढी माझ्या मनातून आजतागायत गेलेली नाही, आणि ती जावी अशी माझी इच्छाही नाही. नकार त्यांनी दिला नव्हता. नकार देण्याची तसदीच त्यांना पडली नाही. कामावरचा कोट अंगात ठेवून, धाकट्या मुलाला घेऊन, बहीण परळला पडलेली असताना कोणी चिवडा खायला येत नाही, हे व्यवहारात मुरलेल्या त्या माणसाला उमगले नसेल हे मी मानणार नाही. कालांतराने त्यांनी एका देवस्थानाच्या सभामंडपास मोठी रक्कम दिली आणि संगमरवरी पाटीवर नाव कोरून घेतले. ती पाटी मी पाहिली आहे. अक्षर सुरेख आहे.

द्यावे कसे हा विषय आपल्याकडे बहुतांनी हाताळला. मागावे कसे हे गाडगे महाराजांकडून शिकावे. त्यांनी पंढरपुराला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा उठविल्या, त्यासाठी लाखांच्या राशी जमविल्या, आणि स्वतःसाठी मडक्याच्या खापरात भाकरी मागून खाल्ली. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत परळच्या उपचारांसाठी परगावाहून आलेले रुग्ण व त्यांचे आप्त आजही उतरतात. समुद्रापलीकडचे उदाहरण द्यायचे तर कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचे. हाडाच्या कर्करोगात त्याचा पाय गेला. १९८० साली कृत्रिम पायावर तो रोज जवळजवळ एक मॅरेथॉन याप्रमाणे १४३ दिवस धावला, ५,३७३ किलोमीटर, आणि रोग फुप्फुसांत पोहोचल्यावर थांबला. देशातील प्रत्येक माणसामागे एक डॉलर, एवढेच त्याचे मागणे होते. त्याला कोणी विचारले नसेल, की धावणार तू, मग पैसे आम्ही का द्यायचे.

मला विचारले, आणि ते योग्यच झाले. कारण माझ्या धावण्याने कोणाच्याही पेशी बऱ्या होत नाहीत. मी घरी निजून राहिलो तरी दिलेल्या रुपयाचे तितकेच औषध येते. माझे धावणे हे अर्जाला डकविलेल्या कोर्ट-फीच्या तिकिटासारखे आहे: त्याच्यावाचूनही अर्जातील मजकूर तितकाच खरा असतो, परंतु त्याच्यावाचून अर्ज दाखल होत नाही. पायांना इतके कष्ट दिले, तेव्हा कुठे तोंडाला मागण्याचा परवाना मिळाला. अण्णांपाशी असे तिकीट नव्हते. शिवाय ते आपल्या बहिणीसाठी मागणार होते. मी अनोळखी माणसांसाठी मागतो, आणि परक्यासाठी पसरलेला हात समाजात शोभून दिसतो. बहिणीसाठी पसरला तर तीच याचना ठरते.

त्या संध्याकाळी रुग्णालयात भेटीची वेळ संपत आली होती. आत्या उशाशी टेकून बसली होती. तिला बोलणे अवघड जात असल्याने तिने भुवया उंचावून विचारले, आणि अण्णा म्हणाले, "सगळी व्यवस्था झाली आहे." ती व्यवस्था म्हणजे काय हे मला पुढल्या आठवड्यात आईच्या मोकळ्या मनगटांवरून कळले. तिच्या पाटल्या गेल्या होत्या. दोराबजींच्या हिऱ्याची गोष्ट वाचताना मला त्या पाटल्या आठवतात. तुलना हास्यास्पद आहे हे मी जाणतो, पण ती टाळता येत नाही. आत्या पुढच्या चैत्रापर्यंत राहिली, आणि तेवढ्या अवधीत ती पत्त्यांच्या डावात मला न चुकता हरवीत असे.

सरावाच्या निमित्ताने हल्ली एखाद्या रविवारी मी परळपर्यंत जातो. रुग्णालयाभोवतीच्या पदपथांवर बिहारहून, बंगालहून, विदर्भातून आलेली कुटुंबे त्या वेळी जागी होत असतात. हातात तपासण्यांच्या फायली, उशाला गाठोडे. त्यांच्यापैकी कोणी मागत नाही. अण्णांसारखीच ती अव्वल दर्जाची न मागणारी माणसे आहेत, आणि त्यांना पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे, की गरजवंताकडून शब्द उच्चारला जाण्याची वाट पाहणे हीच देणाऱ्याची मोठी चैन होय.

दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी अद्याप काही दिलेले नाही. त्यांना मी तगादा लावणार नाही, परंतु वाचकांना एक विनंती करतो. शर्यत वर्षातून एक दिवस असते. या रोगाला तिथी-वार नाही. ज्याला द्यायचे आहे त्याने माझ्या किंवा आणखी कोणाच्या धावण्यासाठी थांबू नये. सवड काढून परळला जावे, आणि ज्याने मागितलेले नाही त्याला द्यावे.